फाउस्तोची चूल रस्त्यापलीकडं

फाउस्तो दुमलाव जन्मला तोवर पूर्वेकडच्या समुद्रातल्या आमच्या बेटांवरचं स्पेनचं निशाण उतरून अमेरिकेचं चढलं होतं. बाप त्या गोऱ्या फौजेशी लढून लंगडा झालेला, आणि पोरगा त्याच गोऱ्यांच्या शाळेत 'सगळी माणसं सारखी' असं घोकत बसलेला. ते खरं मानून विशीत बोटीत चढला आणि कॅलिफोर्नियात उतरला. इथं गोरी बायको करायला कायद्यानं बंदी, आणि आमच्या बाया समुद्रापल्याड. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याच्या अंगावर अमेरिकेची वर्दी चालली. परतला तेव्हा केस पिकायला लागले होते. मग डेलानोच्या एका द्राक्षमळ्यावर, कामगारांच्या कॅम्पात, आम्हा सड्याफटिंग लोकांचा तो आचारी झाला. एक खाट आणि मागं कारल्याचा मांडव, एवढाच संसार. सगळे त्याला मनोंग म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ.

पासष्ट साली ऐन तोडणीत मजुरी वाढावी म्हणून आम्ही कात्र्या खाली ठेवल्या. मालकानं आमचा गॅस तोडला, पाणी तोडलं, आणि आमच्या जागी राबायला लांबून आमच्याच मुलखातली माणसं आणून दुसऱ्या खोल्यांत भरली.

मुकादम हॅस्केल फाउस्तोकडं आला.

"म्हाताऱ्या, तू कुठं द्राक्षं तोडतोस? तुजा कसला संप? या नव्या लोकांना शिजवून घाल, खाट तुजीच. न्हाईतर गाठोडं बांध."

"आन माजी मानसं काय खातील?"

"उपाशी ऱ्हातील, मग येतील गुमान कामावर."

"आसं व्हय? मग संप माजाबी हाय की," म्हणून फाउस्तोनं पातेलं डोक्यावर घेतलं.

अंगणात त्यानं तीन दगड मांडले. भात उकळत असताना मालकाच्या राखणदारानं लाथ घालून पातेलं उलटवलं. फाउस्तोनं मातीला न लागलेला वरचा भात तेवढा पळीनं काढून आमच्या ताटांत वाढला. मग दगड उचलले आणि रस्त्यापलीकडं नेऊन मांडले.

"रस्त्याची कड सरकारची. हितं मार लाथ!" तो राखणदाराला ओरडला.

मी म्हणालो, "मनोंग, थंडी तोंडावर आली. या वयात निजायचं कुठं?"

"चुलीपाशी. मांजर निजतंच की. तू लाकडं आण, लई शाना हाईस."

गावातनं ड्रमात पाणी आलं. फाउस्तो रोज वारा बघायचा आणि वारा कॅम्पाकडं वळला की निखाऱ्यावर सुकट टाकायचा, तव्यात लसूण परतायचा. कॅम्पात नव्या लोकांना मालक गार पाव देत होता. ते कुंपणाला नाकं लावून उभे राहायचे.

एका दुपारी त्यांतला एकजण रस्ता ओलांडून आला. हातात ताट, ताटात कारली.

"तुमच्याच मांडवाची हाईत, मनोंग. वाळत चालली व्हती."

"कात्री कुटंय?"

"कमरंला."

"ती आदी खाली ठिव. मग जेव."

तो घुटमळला. मागं वळून मळ्याकडं पाहिलं. सुकटीचा धूर तोंडावर आला तशी त्यानं कात्री धुळीत टाकली आणि मांडी घातली. त्याच्यामागं आणखी दोघं आले. बाकीचे आत पाव चावत राहिले.

"येतील," एवढंच बोलून फाउस्तोनं दुसरं, मोठं पातेलं चढवलं. तांदूळ ओतले, पाण्यात बोट बुडवलं आणि पेराएवढं पाणी आहे का ते बघितलं.