डिफ्रॅग आणि उदबत्तीची राख

ज्योत्स्नाने कॉम्प्युटर दुरुस्तीचा धंदा का निवडला, हे तिच्या आईला आजवर उमजलेलं नाही. वरणात केस दिसला तर जिला दोन दिवस अन्न जात नाही, ती पोरगी बारामतीत दुकान टाकून लोकांच्या डब्यांतली घाण उपसते. की-बोर्ड उलटा केला की फरसाण गळतं, माउस धरला की तळव्याला चिकटतो. शी! म्हणून तिचा नियम एकच: आधी ब्लोअर, मग ब्रश, मग स्पिरिटचा बोळा. त्याशिवाय मशीनला हात नाही.

कळस गावचा नागेश फोटोवाला सीपीयू पोटाशी धरून आला, तो वर चिकटवलेल्या उदबत्तीच्या घरासकट.

"ताई, लई स्लो झालंय. एक डिफ्रॅग मारून द्या."

"तुम्ही मारून पाहिलं का?"

"आवं, रोज! सकाळी उदबत्ती लावायची, हात जोडायचं, डिफ्रॅग चालू करायचं आन् च्या प्यायला जायचं."

"आणि मधेच लाईट गेली तर?"

"जातीच की! आली की परत पहिल्यापास्नं."

ज्योत्स्नाने बटण दाबलं. टक्... टक्... टर्रर्र. तिने झटकन बंद केलं.

"आत काय आहे?"

नागेश खुर्चीच्या कडेवर टेकला. "आमच्या गावच्या तात्याबांच्या लेकीचं, स्वरालीचं लगीन. कॅमेऱ्याची कार्डं पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली. दुसरीकडं कुठंच न्हाय. तात्याबा सांजच्याला व्हिडिओ न्यायला येत्यात."

"डिस्क शेवटच्या घटका मोजतीये, नागेशराव. डिफ्रॅग म्हणजे सगळे तुकडे उचलून नीट रांगेत लावायचे. डिस्क धडधाकट पाहिजे, कॉपी काढलेली पाहिजे, लाईट जाणार नाही याची खात्री पाहिजे. मरायला टेकलेल्याला कोणी घर बदलायला लावतं का? आता नव्या डिस्कवर नुसती कॉपी. आणि ब्लोअर नको, हादरा बसेल."

म्हणजे नियम गेला. तिने रबरी मोजे चढवून झाकण काढलं. राखेचा थर, थरात झुरळांचे पाय, कोपऱ्यात पालीची फुटकी अंडी. कडेने तांबडा ओघळ.

"हे काय?"

"गुटखा. शिंक आली, ताई."

श्वास रोखून ज्योत्स्नाने डिस्क सोडवली, इन्व्हर्टरवरच्या आपल्या मशीनला जोडली. कॉपी चालू झाली. टक्... टर्रर्र... चाललं. तेवढ्यात डिस्कच्या फटीतून झुरळाचं पिल्लू निघालं आणि मिशा हलवत टेबलावर आलं.

नागेशने चप्पल उचलली. "हाणू का?"

"खबरदार! टेबल हलता कामा नये."

पिल्लू तिच्या डिस्क धरलेल्या हाताच्या मनगटावर चढलं. मग बाहीत शिरलं. ज्योत्स्ना दात आवळून, डोळे वटारून पडद्याकडे बघत राहिली. कोपर. दंड. काख. तिच्या घशातून नुसतं "ऊंऽऽऽ" निघत होतं.

कॉपी संपली तशी ती बोंब मारत रस्त्यावर पळाली, बाही झटकली, नळाखाली खांद्यापर्यंत हात घासले. परत आली तर पडद्यावर तात्याबा फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत लेकीला निरोप देत होते.

नागेश खुलला. "नव्या डिस्कला एक डिफ्रॅग मारूनच द्या की!"

"ती चिपवाली आहे, आत फिरणारी चकती नाही. तिला डिफ्रॅग लागत नाही, उलट झिजते."

"मग उदबत्ती तरी?"

ज्योत्स्नाने चिमट्याने उदबत्तीचं घर उचकटलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं, गुटख्याच्या पुडीशेजारी.