कुडपणला गेलेला चष्मा

कुडपणला आता म्हणे थेट गाडी जाते. मजा आहे तुमची! आमच्या वेळी पोलादपूरपर्यंत एसटी आणि पुढे देवाने दिलेले पाय. मी पहिल्यांदा तिथे गेलो ते काही डोंगर बघायला नव्हे, एक चष्मा परत आणायला. साठ सालानंतरची गोष्ट आहे.

मी तेव्हा मुंबईत लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. मी लागलो तेव्हा कामगाराचं संरक्षण म्हणजे कमरेला ओलं गोणपाट, पायात टायरच्या चपला आणि तोंडावर फडकं. बस्स. त्याच दिवसांत ओतीव माल घासायच्या ग्राइंडरवरच्या सखारामच्या डाव्या डोळ्यात लोखंडाची कणी घुसली आणि डोळा कायमचा गेला. मग तारेच्या जाळीचे चष्मे आले. त्यातून धड दिसायचं नाही, म्हणून सगळे ते कपाळावर चढवून काम करायचे. शेवटी जाड काचेचे, बाजूला कातडं लावलेले चष्मे आले, माणशी एक. सखारामला मी माझ्या हाताने दिला, आणि महिन्याभरात पठ्ठ्याचा चष्मा गायब!

"हरवला," एवढंच म्हणायचा. फोरमनने ठणकावलं, सोमवारी चष्मा नसेल तर ग्राइंडर नाही. दुसरा देऊ कुठून? पुढचा माल कधी येईल देव जाणे. एकच डोळा उरलेला, आणि सगळं घर त्याच्या मजुरीवर. मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा कबूल झाला, "गावाला हाय रे, कुडपणला."

"गावाला? तिथे काय ग्राइंडर चालवतोस?"

"तू चल तर. कळंल."

शुक्रवारी सकाळची एसटी धरली. वैशाखाचे दिवस, रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. महाडपर्यंत पोचेस्तोवर मी भुवयांपर्यंत लाल झालो होतो. महाडच्या स्टँडवर भजी खा, जिभेवर अजून चव आहे. रायगड बघायचा असेल तर इथेच उतरून नाते, पाचाडची वाट धरायची. आम्ही पुढे पोलादपूरला सखारामच्या मावशीकडे मुक्काम केला. माउलीने कैरीचं सार आणि भात असा वाढला की मी चष्म्याचं विसरलोच.

शनिवारी पहाटे चढायला लागलो. उन्हाच्या आत चढ संपवायचा, पाणी बरोबर ठेवायचं, आणि करवंदं दिसली की थांबायचं, एवढे तीन नियम पाळा. मी तिसराच तेवढा पाळला. सखाराम पुढून ओरडत होता, "स्टोअरवाल्या, तुझं पोट हाय का गोदाम?"

वर पोचलो तर सगळ्या पठारावर धूर. पावसाआधी वाफ्यांवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. जमीन भाजली की रोप जोमाने येतं. सखारामची बायको पारूवहिनी बांधावर काठी घेऊन आग सारत होती. डोळे लालभडक, गालांवर पाण्याचे ओघळ.

"चष्मा कुठाय गो?" सखारामने हळूच विचारलं.

"खालच्या वाडीत गेलाय. आज त्यांचा राब हाय ना! काल शेजारी होता, उद्या वरच्या घरी."

मी कपाळाला हात लावला. माझ्या स्टोअरचा चष्मा पालखीसारखा घरोघर फिरत होता! खालच्या वाडीत गेलो तर एक म्हातारी डोक्याला पदर गुंडाळून, तो चष्मा चढवून, धुरात ठाण मांडून उभी. आम्हाला बघून म्हणते, "लय झ्याक हाय रे बाबा! आयुष्यात पयल्यांदा राबात डोळं उघडं ठेवलं." तिच्याकडून तो काढून घेताना मला चोरासारखं वाटलं, खरं सांगतो.

चष्मा घेऊन परत वर आलो तेव्हा वहिनीने मला विचारलं, "भावजी, एवढ्याशा वस्तूसाठी मुंबईवरनं आलात?" मी सांगून टाकलं. माणशी एकच चष्मा आहे, आणि सखाराम इतके दिवस उघड्या डोळ्याने ग्राइंडरवर उभा आहे.

ती नवऱ्याकडे वळली. "मला म्हणालात, कंपनीनं दोन दिलेत."

सखाराम पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "तुझं डोळं दोन्ही चांगलं हायत. तेवढं तरी राहू देत."

"माझ्या डोळ्यात धूर गेला तर पाण्यानं जातो," ती कडाडली. "लोखंड पाण्यानं जातंय काय?"

चष्म्याचा पट्टा हातोहाती फिरून तुटायला आला होता. वहिनीने जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून नवा पट्टा शिवला आणि स्वतः त्याच्या डोक्याला घट्ट बांधून बघितला. रात्री नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण भाकरीवर भाकरी वाढत होती. रविवारी परतलो, सोमवारी सखाराम ग्राइंडरवर.

पुढच्याच महिन्यात टण्णकन आवाज झाला. मी स्टोअरमधून धावलो. सखाराम खाली बसलेला, उजव्या काचेवर मधोमध तडा. त्याने चष्मा काढला, डोळ्याची उघडझाप केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दिसतोस रे, गोदामा!" मी तिथेच रडलो, लाज कसली त्यात.

काच बदलली. पुढे इलास्टिकचे पट्टे आले, मग हलके प्लॅस्टिकचे चष्मे, हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट. हल्ली महाडच्या स्टँडवर कारखान्याची पोरं हेल्मेट काखेत मारून चहा पितात, मला बघायला फार आवडतं. सखारामने मात्र तो हिरवा पट्टा कधी बदलला नाही. निवृत्त झाला तेव्हा जुना चष्मा मागून घेतला. मी दिला, आनंदाने दिला.

पुढच्या वैशाखात गावाहून त्याचं पत्र आलं. "आता राब मीच भाजतो, चष्मा लावून. पारूला लांब करवंदीखाली बसवतो. तिथून ती मला शिव्या घालते. एका डोळ्यानं पण लय चांगली दिसते."