मिरचीच्या देठांचं दही

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. यवतमाळकडे बी.एस्सी. केलं, विषय मायक्रोबायोलॉजी. नोकरी मात्र पुण्यात कॉम्प्युटरची लागली, कारण तेव्हा ज्याला त्याला तीच लागत होती. सॉफ्टवेअर टेस्टिंग. आधी प्रोबेशन, काम पटलं तर कायम. वडिलांनी मात्र ‘पोरगा पर्मनंट झाला’ असं गावभर आधीच सांगून टाकलं होतं.

पुण्यात आलो आणि भाकरी सोडली. ती गावाकडची गोष्ट, असं मला कोणी म्हणालं नव्हतं; माझं मीच ठरवलं. सकाळी ब्रेड, दुपारी कँटीनमधले नूडल्स, संध्याकाळी वडापाव आणि कोल्ड्रिंक. त्यात घसा धरला. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेतलं. परत धरला, परत घेतलं. घसा सुटला, पोट बिघडलं. जेवलं की फुगायचं, सारखं उठावं लागायचं, आणि दुपारी अंगात त्राण नसायचं.

एकदा टीम लीडरनं खुर्चीवर टकटक केली.

“बग सापडला?”

“शोधतोय.”

“डोळे मिटून?”

सगळे हसले. नंतर बाजूला घेऊन तो म्हणाला, “असंच चाललं तर तुझ्या कन्फर्मेशनसाठी मी शब्द टाकू शकणार नाही.”

कर्वेनगरातल्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, तुटक बोलणारे.

“गोळ्या कोणी दिल्या?”

“मेडिकलवाल्यानं.”

“मग आता त्यालाच विचारा की. आपलं शिक्षण?”

सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे माहिती असून केलंत. उत्तम.”

मग नीट समजावलं. औषध जंतू मारतं, चांगला-वाईट बघत नाही. आपल्याला न पचणारा चोथा आतड्यातले जंतू पचवतात, आणि माझे त्यातले बरेच गेले असणार. “घरी लावलेलं दही खा. पण नुसत्या दह्यानं भागत नाही, आत राहतात त्यांनाही जेवू घाला. भाकरी, उसळ, पालेभाजी. मैद्यावर त्यांचं भागत नाही.”

दह्याला विरजण हवं. कामावरून येऊन खाली घरमालकीणबाईंकडे वाटी घेऊन गेलो.

“अहो, दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. सकाळी या.”

सकाळी कंपनीची बस यायची तेव्हा त्यांचं दार बंद. रविवारी गेलो, तर आदल्या दिवशीचं सगळं कढीत गेलेलं. डेअरीतून आणता आलं असतं, पण आता मला चीड आली होती. हिरव्या मिरचीच्या देठांवर दूध विरजणारे जंतू असतात, हे मी शिकलो होतो. कोमट दुधात देठं टाकली. थंडीचे दिवस, म्हणून भांडं चालू मॉनिटरवर ठेवलं. तो चांगला तापायचा.

रूममेट म्हणाला, “कॉम्प्युटरला नैवेद्य दाखवतोस काय रे?”

पहिलं दही तार सुटलेलं, उग्र वासाचं निघालं. ते खायचं नसतंच. त्यातलं चमचाभर दुसऱ्या दुधाला लावलं, त्यातलं तिसऱ्याला. तिसरं घट्ट लागलं. पदवीचा असा रोकडा उपयोग तोवर झाला नव्हता.

कँटीन सोडून वारज्याच्या एका बाईंकडे डबा लावला आणि पोळीऐवजी भाकरी द्यायला सांगितलं.

“ऑफिसात भाकरी खाणार?”

“खाणार.”

उसळ-भाकरीनं आधी पोट जास्तच फुगलं. डॉक्टर म्हणाले, “सवय तुम्ही मोडलीत, लागायला वेळ जाणारच. दमानं वाढवा.” हळूहळू उतार पडला. दह्यानं किती, भाकरीनं किती, कोल्ड्रिंक सोडल्यानं किती, ते मला सांगता येणार नाही. पण दुपारी मान पडेनाशी झाली आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका हाताला लागायला लागल्या.

तरी मुदत संपली तेव्हा कायम केलं नाही, प्रोबेशन वाढवलं. वडिलांना फोन केला.

“म्हंजे काढलं का?”

“काढलं नाही. अजून तीन महिने बघणार आहेत.”

“मंग मी गावात काय सांगू?”

“सांगा, पोरगा दुपारी जागा असतो.”