साहेबांची तारीख मिळाली आणि नारायणआजोबा शहीद झाले

आमच्या घराण्यात एक वैमानिक होऊन गेला, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तो कुठे लढला, ते मात्र दर लग्नात बदलतं. एका काकांच्या मते त्यानं जपानवर बॉम्ब टाकले, आणि धाकट्या काकूंच्या माहेरच्यांना सांगताना तर तो थेट हिटलरच्या गच्चीवर पोचला होता. नारायणआजोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आजोबांचे धाकटे भाऊ, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होते आणि परत आले नाहीत, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. बाकी ज्याची त्याची कल्पनाशक्ती.

मध्यंतरी बबनकाकांनी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं, की गावच्या फाट्यावर नारायणआजोबांच्या नावानं कमान उभी राहणार. बबनकाका बाबांचे धाकटे भाऊ, बिडकीनजवळच्या आमच्या गावी असतात. तिकडच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्यापासून आमच्या भाऊबंदांकडे मोठ्या गाड्या आल्या आणि गाड्यांपाठोपाठ पूर्वजांचा अभिमान आला. समिती झाली, सिमेंट पडलं, उद्घाटनाला येणाऱ्या पुढाऱ्याची, म्हणजे साहेबांची, तारीखसुद्धा मिळाली. राहिला फक्त फोटो. ज्याच्यावर एवढा अभिमान, त्याचा एकही फोटो अख्ख्या घराण्यात कुणाकडे नव्हता.

"फोटो दौलताबादच्या कौसाकडं हाय," काका फोनवर म्हणाले. "तू जाऊन आण."

कौसाआत्या म्हणजे नारायणआजोबांची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे तिचा उल्लेख "तिकडची" असा होतो आणि मग कुणीतरी चहाचं विचारतं.

"काका, तुम्ही तिथून तासाभरावर आहात. मी पुण्यात!"

"आपलं जाणंयेणं नाय तिकडं. तू लिहितीस ना? मंग तूच जा."

लिहिणाऱ्या माणसाला घरात असाच मान असतो. लग्नपत्रिकेचा मजकूर त्यानं करायचा आणि नको त्या नातेवाइकांचं दारही त्यानंच वाजवायचं. पण मला वेरूळकडे जायचंच होतं, शिवाय ब्लॉगवर बरेच दिवस काही टाकलं नव्हतं. निघाले.

पुण्याहून पहाटे साडेपाचला गाडी काढली. वाघोली जागी व्हायच्या आत ओलांडलीत तर तुम्ही जिंकलात. सातनंतर निघणार असाल तर डबा आणि पोथी दोन्ही बरोबर ठेवा. शिरूरच्या पुढे मिसळ, नेवासा फाट्यावर चहा. रस्ता बरा आहे, म्हणजे खड्डे आहेत पण ते लांबून दिसतात. छोट्या गाडीला जाऊन-येऊन पेट्रोल साडेतीन हजारांत बसतं, टोल वेगळा. वाळूजला कारखान्यांच्या पाळ्या सुटायची वेळ टाळा.

बारापर्यंत शहरात पोचले. जुन्या भागात गेलात तर नान खलिया खाल्ल्याशिवाय परतू नका. पिवळी गोल नान आणि लालभडक तर्रीत बुडालेलं मटण. श्रावण चालू होता, त्यामुळे ही दोन वाक्यं आईनं वाचू नयेत. मी रुबाबात तीन नान मागितल्या, तर वाढणारे चाचा म्हणाले, "पैले एक लेव बाजी. पुना का मेहमान तीन मंगाता, डेढ छोडता." बाजी म्हणजे ताई. त्यांचं गणित चुकलं. मी दोन सोडल्या.

तिथून पडेगावच्या अंगानं दौलताबादचा रस्ता धरला. किल्ला लांबूनच दिसायला लागतो आणि दिसतच राहतो, कारण पुढे जुना दगडी दरवाजा आहे आणि त्यातून एका वेळी एकच बस जाते. दोन्हीकडच्या बसवाल्यांना आपलीच जाईल असं वाटत असल्यामुळे किल्ला बघायला पंचवीस मिनिटं फुकट मिळाली. मी वर चढले नाही. चढणार असाल तर सकाळी जा, पाणी न्या आणि खाण्याची पिशवी माकडांना दाखवू नका.

आत्याचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, रस्त्यापासून जरा आत. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये तिची सून मंगल पर्यटकांना पेरू आणि भाजलेली कणसं विकते. ऐंशी पार केलेली आत्या दारातच पाटावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं मला खालून वर पाहिलं.

"भाऊसायबाची नात का? नाक तसंच हाय. बस. च्या टाकते."

भाऊसाहेब म्हणजे माझे सख्खे आजोबा. मंगलला हाक न मारता ती स्वतः उठून आत गेली. मी भिंतीकडे वळले. ओळीनं फोटो लावलेले. आत्याचे मामा, तिचे यजमान, तिची आई, सगळ्यांना चंदनी हार. मधोमध जेमतेम विशीतला एक पोरगा, तिरपी टोपी, ओठ घट्ट मिटलेले, हसू आवरत असल्यासारखे. याच फोटोला हार नव्हता. पडला असेल, असं मला वाटलं.

ब्लॉग लिहिणाऱ्यांना एक खोड असते. समोर काही दिसलं की आधी हात खिशात जातो. मी फोटोचा फोटो काढला, "सापडले!!" असं तीन हसऱ्या चेहऱ्यांसकट लिहिलं आणि ग्रुपवर टाकून दिला. चहाला अजून उकळीही फुटली नव्हती.

आत्या चहाबरोबर एक पत्र्याचा डबाही घेऊन आली. आत इंग्रजीत टंकलेलं सरकारी पत्र, घड्यांवर फाटलेलं. मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. तिला ते तोंडपाठ होतं. मी कुठे चुकते का, एवढंच ती बघत होती. नारायणआजोबा वैमानिक नव्हते. बिनतारी यंत्र सांभाळायचं आणि मागची बंदूक चालवायची, हे त्यांचं काम. विमान दोघांचं. वैमानिक पुढे, आणि हे त्याच्याकडे पाठ करून मागे, बैलगाडीत मागे पाय सोडून बसावं तसे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून ते विमान परतलं नाही. दोघंही बेपत्ता. पुढे काही नाही.

"वायरलेसचं काम कुठे शिकले?"

"टेशनावर. तारबाबूच्या हाताखाली व्हते. शाळा निजामाची, मंग लिव्हणं उर्दूत. मायला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मौलवीसाब वाचून दावायचे." आत्या गालात हसली. "बायकोला काय लिहावं ते मौलवीसाबासमोर कसं लिहावं? मंग काय, बैल कसा हाय, पाऊस झाला का, मौलवीसाबाला सलाम. संपलं पत्र."

आत्या त्यांच्या माघारी जन्मली. तिनं बाप पाहिला तो भिंतीवरच.

मग तिनं जे सांगितलं, ते आमच्या लग्नांमध्ये कुणी सांगत नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, म्हणजे तो रीतसर मेला, अशी जुनी चाल आहे. माझ्या आजोबांनी बारा वर्षं अगदी मोजून पाहिली.

"पैठणला गोदीच्या काठी नेऊन जाळला पुतळा," आत्या म्हणाली. "का? तर दुसऱ्या दिशी तलाठी येणार व्हता गावात. जित्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर ऱ्हातं. मेल्याचं काढता येतंय."

मी कप खाली ठेवला. याच जमिनीचे पुढे कारखाने झाले, आणि त्याच गाड्यांतून आमचा अभिमान फिरतो.

"मायला म्हणले, कुंकू पूस, बांगड्या फोड. माय म्हणली, पुतळ्यासंगं महं लगीन झालं नव्हतं. मह्या हाताला धरलं अन् चालत इथं आली, मामाकडं. मरंस्तोवर कुंकू लावलं तिनं. लोक हसायचे. हळदीकुंकवाला बोलवायचे नाय. तरी लावलं. गेली तवा हिरवं लुगडं नेसून, मळवट भरून गेली."

खिशातला फोन थरथरत होता. थांबतच नव्हता.

"मह्या बापाचं वय आता शंभरीच्या पुढं असतं," आत्या पुढे म्हणाली. "ते कवाच गेलेत. मला का कळत नाय? पर कवा, ते सरकारला ठावं नाय, मला नाय, कुणालाच नाय. मंग तारीख टाकणारे तुम्ही कोण? फोटो ने. कमानीवर लाव, लोकांना दिसूं दे. दोन गोष्टी फक्त. हार नाय घालायचा अन् मरणाची तारीख नाय टाकायची. तारीख टाकली की त्या दिवसापसून मही माय रंडकी. आख्खी हयात खोटी पडंल तिची. कबूल?"

"कबूल, आत्या."

मंगलनं किलोभर पेरू दिले, पैसे घेतले नाहीत. गाडीत बसून फोन उघडला. एकसष्ट मेसेज. एका चुलत भावानं फोटोला झेंडूचा हार घातला होता, मागून एक आजच्या काळातलं लढाऊ जेट उडवलं होतं, वर "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली "शहीद पायलट", आणि त्याखाली हौतात्म्याची तारीख. तारीख ओळखीची वाटली. साहेबांनी उद्घाटनासाठी दिलेली, तीच. फक्त वर्ष जुनं. खाली बबनकाकांचा मेसेज: "योगायोग पहा!! शहीद दिन व उद्घाटन एकाच दिवशी!!"

तलाठ्याच्या सोयीनं एकदा मेलेला माणूस पुढाऱ्याच्या सोयीनं पुन्हा मेला होता, आणि या खेपेला फोटो मी पुरवला होता. वेरूळला जायची इच्छा उरली नाही. पेरू उत्तम होते, तेही खाल्ले गेले नाहीत.

रात्री शहरातच राहिले, काकांना फोन करून पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फ्लेक्सचं दुकान गाठलं. कमानीवरचा दगड घडेपर्यंत तिथे फ्लेक्स लागणार होता. मालक शकीलभाई संगणकावर, शेजारी बबनकाका खुर्चीत, आणि पडद्यावर हारातले नारायणआजोबा. मी हार काढायला सांगितला.

शकीलभाईंनी चष्मा कपाळावर नेला. "मॅडम, मी वीस वर्षं फ्लेक्स करतो. फ्लेक्सवर दोनच टाइपचे लोक ऱ्हातेत. हार हय तो गुजर गया, हार नै तो बर्थडे. याचा हार काढला, तर फाट्यावरून जाणारा प्रत्येक जण म्हणंल, हॅप्पी बर्थडे."

काका खूश झाले. "बघ! अन् हार कसा काढायचा? साहेब हार घालायलाच येतायत."

"मग तारीख तरी काढा. ते कधी गेले, हे माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत असतं तर साहेबांची वापरली असती का?" काका इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले, की क्षणभर त्यांची कीव आली.

मग मी भांडले. पुतळा, तलाठी, सातबारा, सगळं काढलं. मशीन घरघरत होतं, दुकानातली दोन गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती. काका लाल झाले. "माझ्या बापानं केलं ते घरासाठी केलं," म्हणाले. "त्याच जमिनीवर तुझा बाप शिकला, म्हणून तू पुण्यात." तेही खरंच होतं.

शेवटी शकीलभाईच मध्ये पडले. "काका, तारीख राहू द्या. फक्त आगे 'उद्घाटन' लिहू, साल यंदाचं टाकू. साहेब बी खूश, बाजी बी खूश." काकांनी होकारार्थी मान हलवली. "पायलट" मात्र सोडायला ते तयार नव्हते. मागे तोंड करून बसणाऱ्या माणसासाठी साहेब कशाला येतील, हा त्यांचा मुद्दा. हारही राहिला. दोन अटींपैकी एक पाळून मी पुण्याचा रस्ता धरला. सुप्याजवळ जेवण बरं मिळतं, असं म्हणतात. मी काय जेवले, मला आठवत नाही.

घरी येऊन चार दिवस आत्याला फोन केला नाही. रोज ठरवायचे आणि फोन करायचा सोडून कपडे वाळत घालायचे. दरम्यान उद्घाटन झालं. साहेब दीड तास उशिरा आले, हार घातला आणि नारायणआजोबांना दोनदा "नारायणराव साहेब" आणि एकदा चुकून "सत्यनारायण" म्हणाले. व्हिडिओ ग्रुपवर आला, तेव्हा मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चहा उकळायच्या आत फोटो टाकला, तेही.

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "मंगलनं दावला फोनमधी. हार हाय. तारीख?"

"मरणाची नाही."

"नाय ना?"

"नाही, आत्या. मी उभी राहून काढायला लावली."

"बरं. हार काय, झेंडूचा सुकतो. भिंतीवरच्याला घालून दावावं कुणी, हात मोडते. तू लिहितीस ना त्यांच्यावर?"

"लिहिते आहे."

"लिही. पर तारीख टाकू नको."

या लेखात मरणाची एकही तारीख नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती काळजी मला आधी घेता आली असती. तुम्ही दौलताबादला गेलात तर किल्ला बघा, दगडी दरवाजापाशी हॉर्न वाजवू नका, पेरू घ्या. पत्ता विचारू नका. मला मात्र बोलावणं आहे.

"सीताफळं लागली की ये," फोन ठेवताना आत्या म्हणाली. "अन् त्यो फोन गाडीत ठिवून ये."