पहार किती गेली?

तुळसाच्या डाव्या कानाची वरची पाळी नाही. ती तिच्या दिराने, बाबल्याने, कोयत्याने उडवली. नवरा तापाने गेला आणि तेराव्यालाच तिने जमिनीची वाटणी मागितली, एवढाच तिचा गुन्हा. बळी तो कान पिळी म्हणतात, ह्याने तोडलाच. शेवटी पंचांच्या दबावाने वाटणी झाली तेव्हा सखल भागातली चांगली माती त्याने स्वतःला ठेवली आणि वहिनीला पाली गावाजवळच्या सड्यावरचा, उघड्या कातळमाळावरचा तुकडा दिला.

माझं काम माती तपासण्याचं. खड्डा खणायचा, थर बघायचे, खोली मोजायची आणि जमीन कोणत्या पिकाला योग्य ते लिहायचं. काजूला निदान मीटरभर माती हवी. माझा शेरा चांगला आला तर तुळसाला सरकारी योजनेतली काजूची कलमं मिळणार होती. नाही आला, तर तुकडा बांधकामाचे चिरे काढणाऱ्या खाणवाल्याला विकण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. बाबल्याने आपली दलाली धरून त्याच्याशी बोलणी करूनही टाकली होती. मेल्याला घाई किती!

तुळसा स्वतःच खणत होती. गुडघाभर खोल गेल्यावर पहार ठणठणायला लागली. लाल, घट्ट खडे. खाली कातळच असणार, असं मी म्हणालो.

"आनी वाईच खणतंय, सायेब."

तेवढ्यात बाबल्या आला. पहिला दगड त्याने मला मारला. माझी भुवई फुटली, डोळा रक्ताने भरला. मग खड्ड्याच्या काठावरून त्याने तुळसाच्या तोंडावर लाथ घातली आणि ती पडताच पहार हिसकावली.

"कातळ हाय म्हनून सांगितला ना तुला, रांडे! आता हितंच गाडतो!"

दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून त्याने ती तिच्या पोटावर नेम धरून घातली. तुळसा कुशीवर वळली. पहारीने तिची मांडी फाडली आणि ती तशीच खाली गेली. ठण्ण आवाज आला नाही. खड्यांचा थर फोडून पहार भसकन हातभराहून जास्त रुतली. बाबल्या शिव्या देत ओढत राहिला, पण ती हलेना. मी फावड्याचा दांडा त्याच्या नडगीवर हाणला. हाणताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो लंगडत पळाला.

मी रुमाल घेऊन तिच्या मांडीकडे धावलो. तिने माझा हात झटकला. तोंडातलं रक्त थुंकून ती पहारीला धरून बसली.

"मांडी ऱ्हाऊदे, सायेब. आदी पहार किती गेली ती मोजा."

मी खड्ड्याच्या काठापासून टेप सोडला. खड्ड्यासकट खोली मीटरच्या वर भरली.