आईच्या मशीनचे सेल

कानाच्या मशीनचे सेल मिळतात त्या दुकानात काउंटरवर एक प्लास्टिकची बरणी असते. संपलेले सेल तिच्यात टाकायचे. सेलच्या पाकिटावर फुली मारलेल्या कचराकुंडीचं बारीक चित्र असतं. संपलेला सेल कचऱ्यात जाऊ नये, बनवणाऱ्यानेच तो परत घेऊन त्याचं काय ते करावं, असा नियम आहे. मला हा नियम आवडतो. कामातून गेलेल्या वस्तूलाही कुणीतरी वाली असावा, एवढंच तो कोरड्या सरकारी भाषेत सांगतो.

काल माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी खिशातून एक जुनी कुंकवाची डबी काढली आणि आतले शर्टाच्या बटणाएवढे सेल दुकानदाराच्या तळहातावर ओतले.

"आईचे आहेत. गेल्या महिन्यात गेली ती. कचऱ्यात टाकायचे नाहीत म्हणून साठवून ठेवायची."

दुकानदाराने हाताकडे पाहिलं. "मशीन तर बरीच वर्षं होतं त्यांच्याकडे. इतकेच सेल?"

"काटकसरी होती हो. कुणी बोलत नसलं की मशीन बंद करून ठेवायची. सेल वाचतो म्हणायची."

दुकानदाराने मूठ मिटली, सगळे सेल तिच्यात सहज मावले. गृहस्थ त्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिले. माझा नंबर आला होता, पण मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.