अकरावा प्रश्न

आरोग्य पाहणीसाठी कनका दारोदार फिरू लागली आणि दोन महिन्यांत तिला माणसांची शिसारी आली. साल १९६२, मद्रासेत कडक दारूबंदी. अड्यार ते गिंडी या भागात लिव्हरचं दुखणं का वाढतंय, ते शोधायचं होतं. पहिलं घर चिठ्ठी टाकून काढायचं, तिथून दर दहावं घर घ्यायचं, नाव न लिहिता नुसता क्रमांक टाकायचा आणि दहा प्रश्न विचारायचे. आठवा प्रश्न दारूचा. एकशे बारा घरांतून त्याला एकशे बारा वेळा "छे, छे" हेच उत्तर आलं. डोळे तांबारलेले, तोंडाला भपकारा, मागच्या अंगणात आल्याच्या अर्काच्या, म्हणजे औषध म्हणून उघड विकल्या जाणाऱ्या दारूच्याच, रिकाम्या बाटल्या, आणि वर तोंड करून "छे, छे".

"अख्ख्या शहरात एकही पिणारा नाही म्हणे," फॉर्म टेबलावर आपटत ती रत्नाकर डॉक्टरांना म्हणाली. हे पाहणीचे प्रमुख, पुण्याहून आलेले.

"मग विचारायची पद्धत बदलून बघा," डॉक्टर म्हणाले.

कनका तंजावूरकडच्या मराठी घरातली, चाळिशीची, अविवाहित आणि नाकाने तिखट. दारू हा शब्दच लोकांच्या घशात अडकतो, हे तिने ओळखलं. अर्काला सगळे मरुंदु म्हणत, म्हणजे औषध. आठव्याला "छे, छे" आलं, की ती लगेच फिरवून विचारू लागली: पोटासाठी मरुंदु घेता का? आठवड्याला किती बाटल्या? लोक भडाभडा बोलू लागले. एका शाळामास्तराने तर "रोज एक" असं छाती काढून सांगितलं.

मग तिने स्वतःच्या डोक्याने अकरावा प्रश्न घातला: बाटली घरात कोण आणून देतं? बायको, आई, सून. तिचा खरा राग यांच्यावर होता. "पिणारा निदान झिंगलेला तरी असतो," ती म्हणायची, "ह्या शुद्धीवर राहून विष आणतात. थू." डॉक्टरांना प्रश्न इतका आवडला, की तो सगळ्यांच्या फॉर्मवर छापून आला.

डिसेंबरात दहावं घर म्हणून तिचंच घर आलं. म्हणजे थोरल्या भावाचं. ती त्याच्याकडे राहायची. भाऊ सेतुमाधव गिंडीच्या एका कारखान्यात हेडक्लार्क होता.

"शेजारचं घर घ्या," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे काय सापडणार?"

या बोलण्याचाही तिला वीट आला. लोकांची घरं उकरायची आणि आपलं झाकायचं, मग पाहणी कसली? "आलेलं घर बदलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली.

शनिवारी बाजारातून आल्या आल्या तिने पिशवी पायाशी ठेवली आणि स्वयंपाकघरात फॉर्म उघडला. भावजय अलमेलू, तिची मन्नी, विळीवर भाजी चिरत होती. आठव्या प्रश्नाला पुढच्या खोलीतून सेतुमाधवच बोलला, "छे, छे. नाहीं म्हणून लिही."

कनकाचं पेन थांबलं. हा सूर तिच्या चांगला ओळखीचा होता.

"मरुंदु?" तिने हळूच विचारलं.

"यांस वायू होतो नव्हे कां," अलमेलू म्हणाली. "आठवड्यास तीन बाटल्या. पांच वर्षं झालीं."

कनकाने तीन लिहिलं. वास तिला रोज येत होता. पण गल्लीभर तिखट असणारं तिचं नाक घरात शिरलं की मुकाट बसायचं. ती फॉर्मची घडी घालू लागली. अलमेलूने विळी बाजूला सारली.

"अकरावा राहिला, कनका. गांवास विचारलीस, मला कां नाहीं?"

"कोण आणतं, मन्नी?"

"मी आणणार नाहीं म्हणून पहिल्याच वर्षीं सांगितलें. अण्णाचे हाल बघवत नाहींत म्हणून तू रडलीस. पुढें तूच लिही."

कनकाने पाय हलवला आणि पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या. इतके दिवस लोकांची यायची ती शिसारी आता स्वतःची आली, आणि ती कुठे थुंकून टाकता येईना.

"कनका," बाहेरून सेतुमाधवने हाक मारली, "मरुंदु आणलंस की?"

तिने अकराव्या प्रश्नापुढे 'बहीण' असं लिहिलं.